बकुळचं जेवण आणि शास्त्रीबुवांचा उपास

वेणीमाधवशास्त्री पहिल्यांदा ताटावरून उठले ते एका शितामुळे. दुसऱ्यांदा उठले ते पळीभर वरणामुळे. तिसऱ्यांदा मात्र वरून अख्खी वाटीच आली आणि शास्त्रीबुवांच्या शेंडीला चाटून तुळशीवृंदावनापाशी किती तरी वेळ गरगरत राहिली. वाटी थांबली तेव्हा शास्त्रीबुवांनी मौन सोडलं, मान वर केली आणि म्हणाले, "उपासनी, खाली या."

वर प्रल्हाद उपासनी पोटावर पडून खाटेखालचा चमचा शोधत होता. तो तसाच धुळीसकट खाली गेला.

हे घर पंचगंगा घाटावरच्या गल्लीतलं, काशीतल्या घरांसारखंच उभट. खाली चौक, वर माडी, आणि माडीच्या मधोमध चौकाच्या मापाची पोकळी. तिच्यावर लोखंडी गज बसवलेले. म्हणजे खाली उजेड जावा आणि वरची माणसं खाली जाऊ नयेत. माणसं जात नसत. बाकी सगळं जाई. कारण वरच्या फरशीला धुण्याचं पाणी निघून जावं म्हणून चहूकडून गजांकडे उतार होता, आणि उताराच्या टोकाशी, बरोबर खाली, शास्त्रीबुवांचं पान मांडलेलं असे. त्यांचे वडील तिथेच जेवत. वडिलांचे वडीलही तिथेच. त्या काळी वर बकुळ नव्हती.

शास्त्रीबुवा एकभुक्त. दिवसातून एकदा, सोवळ्याचा मुकटा नेसून, मौन धरून जेवायचे. त्यात कुणाचं उष्टं पानाला लागलं की पान तसंच ठेवून उठायचं आणि दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत गंगाजळावर राहायचं. त्या आठवड्यात बुवांच्या पोटात अन्नापेक्षा गंगाच जास्त गेली होती.

"उपासनी, मूल देवाचं असतं हे मला मान्य आहे," शास्त्रीबुवा म्हणाले. "पण माझंही पोट देवानंच दिलंय. आणखी एकदा जर मी भरल्या पानावरून उठलो, तर तुम्ही खोली सोडायची. ही काळ्या दगडावरची रेघ."

रेल्वेच्या पार्सल हापिसात बदली होऊन प्रल्हाद काशीला आला तेव्हा ही खोली मिळेपर्यंत मेसमध्ये राहिला होता, आणि पद्मा तिकडे नाशिकला बापाच्या घरी. लग्न झालेली माणसं पोस्टानं संसार करत होती. बकुळ जन्मली तीही तारेनंच कळली. काशीत मराठी घर मिळणं म्हणजे आधीच दुर्मीळ, त्यात 'रेल्वेवाला' म्हटलं की दार निम्मं बंद व्हायचं आणि 'लहान मूल आहे' म्हटलं की उरलेलं. ही खोली गेली की पद्मा आणि बकुळ पुन्हा नाशिकला, आणि प्रल्हाद पुन्हा मेसमधल्या पाणचट डाळीत स्वतःचं तोंड बघत बसणार.

"नाही, नाही बुवा. पुन्हा नाही होणार," तो म्हणाला.

वरून टप्कन एक मऊ भाताचा गोळा येऊन त्याच्या खांद्यावर बसला.

आता बकुळबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. वर्षाची होत आलेली ही पोर तशी गुणाची. रडायची नाही, आजारी पडायची नाही, परक्याकडे हसत जायची. केस मऊ, डोळे टपोरे, गालाला हात लावला तर सायीला लावल्यासारखं वाटावं. पण समोर ताट आलं की तिच्यात काही तरी संचरायचं. आधी ती अन्नाकडे मायेनं बघायची. मग मूठ भरायची. मग मूठ डोक्यामागे न्यायची, आणि त्यानंतर जे व्हायचं त्याला पाहुणे 'खेळकर आहे हं' म्हणायचे, कारण पाहुण्यांना घरी जाऊन आपली बंडी धुवायला टाकता यायची. मूठ संपली की वाटी. वाटी संपली की चमचा. सगळं संपलं की रिकामे हात झटकून ती आईकडे बघायची: आता आणखी काय आहे?

काऊचा घास काऊला गेला, चिऊचा घास चिऊला गेला, बकुळचा तेवढा बकुळला जाईना. पद्मा माहेरून ओव्या घेऊन आली होती. दळताना, कांडताना, वेणी घालताना तिच्या ओठावर ओवी असायची. जेवू घालताना ती हताश होऊन गायची,

"पहिली माझी ओवी गं, पहिल्या घासाला,
घास गेला खालती, शास्त्रीबुवांच्या पानाला.
दुसरी माझी ओवी गं, वाटीच्या काठाला,
वाटीला फुटले पंख, कशी राहील ताटाला."

"गाऊ नकोस," प्रल्हाद म्हणायचा. "तिला वाटतं आपण कौतुक करतोय."

"मग रडू का? रडले तर तिला वाटतं खेळतोय."

कुणी म्हणेल, मग पोरीला दुसऱ्या वेळी जेवू घालायचं. तेही करून झालं होतं. पण खाली नैवेद्याची घंटा वाजल्याशिवाय बकुळचं पोट जागंच व्हायचं नाही. आधी भरवलं तर तोंड मिटून बसायची, नंतर भरवलं तर तोवर भुकेनं रडून झोपी गेलेली असायची. कुणी म्हणेल, खोलीच्या आत कोपऱ्यात न्यायचं. नेलं. वाटी कोपऱ्यातून निघाली, उंबऱ्याला टेकली, विचार केल्यासारखी थांबली आणि उताराला लागली. मागून प्रल्हाद रांगत. वाटी आणि नवरा यांत वाटीच नेहमी आधी पोचायची, असं पद्मा म्हणायची, आणि प्रल्हादला हे विधान कुठे तरी लागायचं.

मग सल्ले आले. काशीत गंगा आणि सल्ला यांना तोटा नाही.

शास्त्रीबुवांच्या पत्नी अंबिकाकाकू मीठ-मोहऱ्या घेऊन जिना चढल्या. "दृष्ट आहे हो, दुसरं काय!" त्यांनी दृष्ट काढली. बकुळनं त्यांच्या मुठीतल्या मोहऱ्या हिसकून घेतल्या आणि उधळल्या. दोन दिवस गजांतून शास्त्रीबुवांवर मोहऱ्या ठिबकत राहिल्या. सुदैवानं मोहरी उष्टी नव्हती.

समोरच्या मृणालिनीबाई मुलींच्या शाळेत शिकवायच्या आणि बालमनावर पुस्तकं वाचायच्या. त्यांना स्वतःला मूल नव्हतं, त्यामुळे त्यांच्या मतांना कुठे ओरखडा पडलेला नव्हता.

"उपासनी, ती फेकत नाहीये. ती शोध घेतेय," त्या म्हणाल्या. "वस्तू सोडली की कुठे जाते, हा तिचा प्रश्न आहे."

"शास्त्रीबुवांच्या पानात जाते."

"ते तुम्हाला ठाऊक आहे. तिला कुठे ठाऊक आहे?"

"तिला ठाऊक आहे, म्हणून तर नेम धरते!"

"बिल्कुल चिडू नका. शांतपणे उचलून द्या. तिचं कुतूहल संपलं की फेकणं आपोआप बंद."

प्रल्हादनं रविवारचा सबंध दिवस गजांवर सतरंजी अंथरून उचलून दिलं. ती फेकायची, तो आणून द्यायचा. संध्याकाळपर्यंत बकुळचं कुतूहल तसूभरही कमी झालं नव्हतं, मात्र बाप सांगितलेली वस्तू आणून देतो हे तिच्या पक्कं लक्षात आलं होतं. पद्मा म्हणाली, "एकाला तरी वळण लागलं."

सतरंजी कायमची टाकावी असं प्रल्हादच्या मनात आलं, पण खाली अंधार होताच शास्त्रीबुवा गरजले, "आमचा सूर्य कुणी गुंडाळला?" म्हणजे आता असं काही हवं होतं की उजेड जाईल, भात जाणार नाही. बारीक तारेची जाळी! प्रल्हादला स्वतःच्या बुद्धीचा अभिमान वाटला. तो अभिमान लोखंडाच्या दुकानापर्यंत टिकला. स्वातंत्र्य मिळालं होतं, पण लोखंड अजून परमिटवर मिळायचं. परमिटच्या कचेरीत पान चघळणाऱ्या बाबूनं विचारलं,

"जाली किस काम के लिए चाहिए?"

"घर के लिए."

"मकान बन रहा है?"

"नहीं. बचाना है."

"किससे? चोर से? बंदर से?"

प्रल्हाद घुटमळला. "बच्ची से."

"कितनी बड़ी है?"

"साल की होने वाली है."

बाबूनं पेन खाली ठेवलं, शेजारच्या दोघांना हाक मारली आणि म्हणाला, "फिर से बताइए." प्रल्हादनं फिर से सांगितलं. तिसऱ्या वेळी शिपायासाठी सांगितलं. सगळे मन लावून ऐकत होते, कथेला बसल्यासारखे. शेवटी बाबू डोळे पुसत म्हणाला, "कारखाना है, खेती है, इमारत है. बच्ची के खाते में लोहा नहीं मिलता, भाईसाहब. अर्जी छोड़ जाइए, होली के बाद देखेंगे." होळीपर्यंत बकुळ गप्प बसणार नव्हती आणि शास्त्रीबुवा उपाशी राहणार नव्हते.

त्या संध्याकाळी नाकातून पाणी वाहत असलेला प्रल्हाद घाटावर बसला होता. पडसं त्याला नेमकं अशाच वेळी व्हायचं. खालच्या पायरीवर रामधनी मल्लाह आपली नाव बांधत होता. नावेत जाळं पडलं होतं: बारीक विणीचं, मऊ, मावळतीचं ऊन त्याच्या भोकाभोकांतून गंगेकडे जात होतं. उजेड जात होता. प्रल्हाद ताडकन उभा राहिला.

"रामधनी, यह जाल दोगे?"

"जाल?" रामधनी चकित झाला. "बाबूजी, आप दक्खिनी बाम्हन लोग, जाल का क्या करेंगे?"

प्रल्हादनं सांगितलं. रामधनी हसला नाही. त्याला सात नातवंडं होती. "ले जाइए. पर महाराज के सिर पर टांगेंगे?" तो थबकला आणि मग स्वतःलाच समजावल्यासारखा म्हणाला, "खैर, दिन-रात गंगाजी में ही नहाया है. इतना तो कोई पंडा भी नहीं नहाता."

हा युक्तिवाद प्रल्हादला फार पटला. माणूस पहाटे एक बुडी मारतो आणि दिवसभर पवित्र म्हणवतो. हे जाळं तर आयुष्यभर गंगेत. दुसऱ्या दिवशी शास्त्रीबुवा स्नानाला गेले असताना त्यानं ते गजांच्या खालून चारी बाजूंच्या तुळयांना बांधलं. वास त्याला आला नाही. वास पद्माला आला, पण तिला वाटलं गटार तुंबलं असेल. अंबिकाकाकूंनाही आला, त्यांना वाटलं गल्लीतलं मांजर मेलं असेल.

मांजर मेलं नव्हतं. मांजरं सगळी जिवंत होती, आणि दुपारी चौकात येऊन बसली. ओळीनं. शेपट्या पायांशी गुंडाळून, माना वर करून, जाळ्याकडे एकटक बघत. "काय भाविक प्राणी आहेत," शास्त्रीबुवा म्हणाले आणि उपासनींनी वर जाळी बसवलीय एवढंच समजून सुखानं जेवले. वरून भात आला, वरण आलं, वाटी आली. सगळं जाळ्यात अलगद झेललं गेलं. वरण खाली ठिबकू नये म्हणून पद्मानं ते घट्ट केलं होतं. प्रल्हाद आनंदानं एवढा हुरळला की हापिसात त्यानं दोघांना चहा पाजला.

पण जाळं खाली उतरवून साफ करायला हवं हे त्याच्या डोक्यात आलं नाही. झेलणाऱ्यानं झेललं की काम झालं, अशी त्याची समजूत. तीन दिवसांचा भात, वरण, एक वाटी आणि अर्धी पोळी चौकावर हवेत झुलत राहिली, आणि काशीतल्या माकडांच्या दृष्टीनं हे कुणा धर्मशील गृहस्थानं घातलेलं अन्नछत्र होतं.

चौथ्या दिवशी खाली घंटा वाजली. वर बकुळनं मूठ भरली. शास्त्रीबुवांनी चित्राहुती घातल्या, पानाभोवती पाणी फिरवलं, आपोशनाचं, म्हणजे पहिल्या घासाआधी प्यायचं, पाणी तळहातावर घेतलं. एवढ्यात गच्चीवरून एक थोराड माकड उतरलं, गजांच्या कडेच्या फटीतून सरकलं आणि थेट जाळ्यात बसलं. बसताक्षणी पाय गुंतला. पाय सोडवायला हात घातला, हात गुंतला. मग त्यानं जी किंकाळी फोडली ती ऐकून बकुळ इतकी खूश झाली की तिनं भात, वाटी, चमचा सगळं एकदमच अर्पण केलं. प्रल्हाद गजांवर पालथा पडून "हट! हट!" ओरडत होता. एका तुळईची गाठ सुटली.

माकड, जाळं, तीन दिवसांचा भात आणि दोन वाट्या शास्त्रीबुवांच्या पानावर उतरल्या. मांजरं देवदर्शन झाल्यासारखी पुढे धावली. माकड तुळशीवरून, कोनाड्यावरून, अंबिकाकाकूंच्या डोक्यावरून उसळी मारून पसार झालं. मग सगळं शांत झालं. शास्त्रीबुवांच्या मुकट्यावर दुपारच्या उन्हात एक छोटं, गोल, रुपेरी खवलं चमकत होतं.

शास्त्रीबुवा उभे राहिले. "उपासनी," ते म्हणाले. आवाज अगदी हळू होता, आणि म्हणूनच प्रल्हाद जिन्यावरून पाय न टेकवता खाली आला. मागे पद्मा, तिच्या कडेवर बकुळ. पद्माचे डोळे भरले होते. मनानं ती नाशिकच्या गाडीत बसलीसुद्धा होती.

"खोली..." शास्त्रीबुवांनी सुरुवात केली.

"थांबा," अंबिकाकाकू केस सारखे करत म्हणाल्या. "तुमच्या हातात काय आहे?"

शास्त्रीबुवांनी तळहाताकडे पाहिलं. एवढ्या गदारोळात सवयीचा हात आपसूक वाटीसारखा वळलेला होता, आणि त्यात पाणी तसंच होतं.

"आपोशन."

"घेतलंत?"

"अजून... नाही."

"मग जेवण सुरू झालं होतं?"

चौकात फक्त एक मांजर भात खात होतं.

"तुम्हीच शिकवता पोरांना," काकू म्हणाल्या, "आपोशन झाल्याशिवाय भोजन नाही. भोजन नाही तर भोजनावरून उठणं नाही. उठणं नाही तर खोली सोडणंही नाही. आणि भोजनच झालं नाही म्हटल्यावर दुसरं पान वाढायला काय हरकत? आमटी गरम आहे. पुरणही आहे."

"माझ्याशी शास्त्रार्थ करतेस?"

"जन्मभर केला नाही. साचून राहिला होता."

शास्त्रीबुवांनी वाद घालायला तोंड उघडलं, पण पुरणाचा वास त्याच वेळी तोंडापर्यंत पोचला. कालच्या दुपारपासून पोटात काही नव्हतं बिचाऱ्यांच्या. त्यांनी नखानं ते खवलं उचललं, उन्हात धरलं, आणि फक्त विचारलं, "हे जाळं कुणाचं?"

"गंगेचं," प्रल्हाद घाईनं म्हणाला. "म्हणजे... रामधनीचं."

शास्त्रार्थानं खोली वाचली, पंचगव्य नाही टळलं. शास्त्रीबुवांनी घेतलं आणि प्रल्हादलाही समोर बसवून पाजलं. रेल्वेच्या नोकरीत त्यानं बरंच काही गिळलं होतं, पण ही चव वेगळी होती. बकुळ हे अगदी लक्ष देऊन बघत होती. बापानं घेतलेली वस्तू फेकली नाही याचं तिला नवल वाटत असावं.

आता चौक शेणानं सारवून, गोमूत्र शिंपडून वाळायला संध्याकाळ होणार. दुसरं पान मांडायचं कुठे? घरात स्वच्छ जागा एकच होती, उपासन्यांची माडी. शास्त्रीबुवा पुन्हा स्नान करून आयुष्यात पहिल्यांदा जेवायला वर चढले. पद्मानं पाट मांडला, काकूंनी वाढलं, आणि उपासनी कुटुंब खाली चौक सारवायला बसलं. वर शांतता होती. खिडकीतून गंगा दिसत होती, वारा होता, डोक्यावर गच्चीखेरीज काही नव्हतं. शास्त्रीबुवा पुरणपोळ्या जेवले, आमटी प्यायले, ताक प्यायले, आणि शेवटी त्यांनी असा एक ढेकर दिला की खाली चौकात पद्मानं हात जोडले.

जिना उतरताना शास्त्रीबुवांचा चेहरा उमलला होता. "उपासनी," ते म्हणाले, "पडणारी वस्तू खालीच पडते. दोष पोरीचा नाही, माझ्या जागेचा आहे. उद्यापासून तुम्ही खाली, आम्ही वर."

पद्मानं बकुळला घट्ट धरलं. प्रल्हाद पाया पडायला वाकला.

"एकच," शास्त्रीबुवा त्याच्या वाकलेल्या पाठीला उद्देशून म्हणाले. "विहीर खाली आहे. आमचं सोवळ्याचं पाणी रोज पहाटे वर पोचलं पाहिजे. ओलेत्यानं."

पहाटे माघाच्या थंडीत ओल्या पंच्यानं, खांद्यावर हंडा घेऊन जिना चढताना प्रल्हादला पार्सल हापिसातले हमाल आठवले. त्यांना मजुरी मिळायची. समोरच्या गच्चीवरून मृणालिनीबाईंनी विचारलं, "काय उपासनी, व्यायाम?" उत्तर म्हणून त्याचे दात वाजले.

त्या दुपारी वर घंटा वाजली. खाली, नव्या सारवलेल्या चौकात, पद्मानं तीन पानं वाढली. बकुळनं मूठ भरली, बाजूला पाहिलं. उतार नव्हता. खाली पाहिलं. खाली जमीन होती. मग तिनं मान वर केली. गजांआडून शास्त्रीबुवांच्या पाटाचा एक कोपरा दिसत होता. तिच्या डोळ्यांत नवा प्रश्न उगवला.

"नको हं, बाळ," प्रल्हाद म्हणाला.

बकुळनं सगळा जीव एकवटून वाटी वर भिरकावली. वाटी उंच गेली, उन्हात क्षणभर झळकली, गजांना न पोचता परत फिरली आणि प्रल्हादच्या टाळूवर आदळून त्याच्या पानात पडली. वरणभात कपाळावरून नाकाकडे निघाला.

वरून एक लांब हुंकार आला. बुवा मौनात होते.

"ते म्हणतायत," अंबिकाकाकूंनी गजांतून वाकून सांगितलं, "उष्टं लागलं की उठायचं असतं."

प्रल्हादनं पंच्यानं डोळे पुसले. डोकं ठणकत होतं, खांदा सोलवटला होता, घशात अजून पंचगव्याची आठवण होती. माणसानं किती सोसायचं? तो उठणारच होता. हात जमिनीला टेकलाही होता. तेवढ्यात त्यानं समोर पाहिलं. पद्मा पदर तोंडाशी धरून हसत होती. काशीला आल्यापासून ती अशी हसलीच नव्हती. आणि तिच्या मांडीवर बकुळ, फेकायला काहीच उरलं नव्हतं म्हणून, स्वतःची चिकट मूठ चोखत होती. भातासकट.

"काकू," प्रल्हाद वर न बघता म्हणाला, "बुवांना म्हणावं, मी इथून उठत नाही."

आणि डोक्यावरचं शीत काढून बाजूला ठेवत त्यानं पुढचा घास घेतला.